भाडे नाकारले तर दंड ५०० रुपये, परमिटचे काय?

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मुंबई महानगर प्रदेशातील टॅक्सी परमिटच्या अटी आणि सेवेचा दर्जा

महोदय,

दादर, मुंबई सेंट्रल किंवा सीएसएमटीबाहेर टॅक्सीवाल्याने जवळचे भाडे नाकारायचे, प्रवाशाने तक्रार करायची, वाहतूक पोलिसांनी चलान काढायचे आणि वर्षातून एखादी ‘विशेष मोहीम’ राबवायची, हा क्रम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. मोहीम संपली की स्टँडवर पुन्हा तेच. मोहिमांना आमचा विरोध नाही. पण दुखणे परमिटच्या व्यवस्थेत आहे आणि औषध दरवेळी रस्त्यावर दिले जाते, म्हणून गुण येत नाही. ही व्यवस्था सुधारायला नवा कायदाही लागत नाही. कसे, ते पुढे मांडत आहोत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७८(३) नुसार टॅक्सीने भाडे नाकारल्यास दंड होतो. २०१९ च्या दुरुस्तीने तो २०० वरून कमाल ५०० रुपये झाला. (रिक्षासाठी तो ५० रुपयेच राहिला, हे कोणाच्या नजरेतून सुटले की मुद्दाम ठेवले, देव जाणे.) दंड भरला की प्रकरण मिटते. परमिटच्या नूतनीकरणापर्यंत ते पोहोचतही नाही. परमिटची मुदत ५ वर्षे, आणि कलम ८१ मध्ये नूतनीकरण नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, ती अर्जदाराची आर्थिक स्थिती आणि टप्पा वाहतुकीतले (म्हणजे ठरल्या मार्गावरच्या बससारख्या सेवेतले) गुन्हे यांच्याभोवती फिरतात. ज्याच्या टॅक्सीने ५ वर्षे मनमुराद भाडी नाकारली आणि ज्याच्या टॅक्सीने एकही नाकारले नाही, ते दोघे नूतनीकरणाच्या खिडकीवर एकाच मापाने मोजले जातात.

आता त्याच अधिनियमातले कलम ७४(२) पाहा. कंत्राटी वाहनाच्या (टॅक्सी त्यातच मोडते) परमिटवर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कोणत्या अटी घालता येतात, त्याची यादी तिथे आहे. ठरवून दिलेलेच भाडे घेणे, दरपत्रक गाडीत लावणे, मीटर बसवून तो चालू स्थितीत ठेवणे, ठरावीक वजनाचे सामान विनामूल्य नेणे, गाडीतील सोय आणि स्वच्छता ठरलेल्या दर्जाची राखणे, आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता प्रवासी नेण्यास नकार न देणे. शिवाय किमान एक महिन्याची नोटीस देऊन या अटी बदलण्याचा किंवा नव्या घालण्याचा अधिकारही तिथेच आहे. परमिटमधली अट मोडली तर कलम ८६ खाली परमिट निलंबित किंवा रद्द होऊ शकते. त्याआधी धारकाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि निलंबनाऐवजी संमतीने रक्कम भरून घेण्याची सोयही त्याच कलमात आहे. म्हणजे हत्यार हातात आहे, फक्त त्याला धार नाही. ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणजे काय आणि ‘सोय व स्वच्छता’ कशी मोजायची, हे स्टँडवरच्या शिपायाला आणि चालकाला सारखेच कळेल अशा शब्दांत लिहून द्यायला हवे. आमची मागणी एवढीच आहे.

अपवाद आमच्या मते चारच असावेत: गाडीत बिघाड, परवानगीपेक्षा जास्त प्रवासी किंवा धोकादायक सामान, परमिटच्या हद्दीबाहेरचे ठिकाण, आणि गाडी ‘बंद’ असणे. सगळी मेख या शेवटच्या अपवादात आहे. ‘गॅस भरायचाय’, ‘शिफ्ट संपली’, ‘गाडी जमा करायचीय’ ही कारणे खरीही असतात आणि सोयीचीही. सीएनजीच्या रांगेत तासन्तास जातात, दिवसपाळीच्या चालकाला ठरल्या वेळी गाडी रात्रपाळीवाल्याच्या हवाली करावी लागते. खरे-खोटे करण्याचा मार्ग तोंडी वादात सापडणार नाही. छतावरचा दिवा मीटरला जोडा. मोकळी, भाड्यात आणि बंद अशा तीनच अवस्था असाव्यात, आणि गाडी ‘बंद’ केल्याची वेळ मीटरच्या स्मृतीत आपोआप नोंदली जावी. ‘बंद’ दिवा लावलेली गाडी स्टँडच्या रांगेत उभी राहू शकणार नाही. दिवा ‘मोकळी’ दाखवत असेल तर ‘कुठे जायचंय?’ हा प्रश्न प्रवासी आत बसल्यावरच विचारता येईल. एवढे केले तरी निम्मी भांडणे मिटतील.

दुसरी अडचण दंड कोणाच्या बोकांडी बसतो ही. परमिट एकाच्या नावावर, दिवसपाळीला दुसरा, रात्रपाळीला तिसरा, ही मुंबईतली जुनी रीत. चलान निघते गाडीच्या क्रमांकावर. मालक ते चालकाकडून वसूल करतो, चालक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मालकाची गाडी धरतो आणि त्याची पाटी कोरी. उलट चांगल्या चालकालाही त्याच्या चांगल्या नोंदीचा काही उपयोग नाही. म्हणून प्रत्येक परमिटवर चालवणाऱ्यांचे बॅज (टॅक्सीचालकाचा अधिकृत बिल्ला) क्रमांक धारकाने आरटीओच्या नोंदीत ठेवावेत, बदल झाला की दोन दिवसांत कळवावा. पाळी सुरू करताना चालकाने स्वतःचे फोटोसह बॅजकार्ड डॅशवर, मागच्या प्रवाशाला वाचता येईल असे लावावे. तक्रार आली की ती दोन ठिकाणी नोंदवावी, परमिटवर आणि बॅजवर. एका महिन्यात तीन वेगवेगळ्या प्रवाशांच्या तक्रारी आल्या तर कारणे दाखवा नोटीस, तीही दोघांना. एकाच प्रवाशाच्या तीन तक्रारींवर मात्र नाही. स्टँडवरची वैरे तक्रारपेटीत उतरायला वेळ लागत नाही.

परमिट भाड्याने देण्याची साखळीही यामुळे उजेडात येईल. कलम ८२ प्रमाणे प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय परमिट दुसऱ्याला देता येत नाही. धारक वारला तर वारसाने ३० दिवसांत कळवायचे असते, ३ महिने गाडी चालवता येते आणि त्या मुदतीत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. हे अनेक घरांना माहीतच नसते. मग परमिट मृताच्या नावावर, गाडी भलत्याच्याच ताब्यात आणि विधवेच्या हाती महिन्याला मिळतील तेवढे पैसे, असे चालत राहते. परमिटच्या पुस्तिकेवर या तीन ओळी ठळक मराठीत छापायला किती खर्च येईल?

आता मीटर. मीटरमध्ये फसवणूक होते म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डॅशखालचे गुप्त बटण येते. ते असतेच. सेन्सर आणि मीटर यांच्यामधल्या वायरीत छोटे सर्किट घालून जादा पल्स (चाक फिरल्याचे विद्युत संकेत) सोडले की मीटर फास्ट पळतो. खोक्याचे सील शाबूत आणि चोरी वायरीत. म्हणून सील तीन ठिकाणी हवे: मीटरच्या खोक्याला, मीटरच्या मागच्या जोडणीला आणि गिअरबॉक्सवरच्या सेन्सरला. तिन्ही सीलचे क्रमांक एकाच प्रमाणपत्रावर असावेत.

पण त्याहून जास्त पसरलेला आणि कोणाचेच लक्ष नसलेला दोष टायरमध्ये आहे. मीटर अंतर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. १५५/८० आर १३ या मापाच्या नव्या टायरचा परीघ साधारण १,८१६ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५५१ फेऱ्या. नव्या टायरची नक्षी ८ मिमी खोल धरली आणि ती १.६ मिमीपर्यंत झिजली, तर परीघ सुमारे ४० मिमीने घटतो. त्याच ५५१ फेऱ्यांत गाडी ९७८ मीटरच जाते आणि मीटर पूर्ण किलोमीटर दाखवतो. त्यात मालकाने स्वस्त पडतो म्हणून १४५/८० आर १३ टायर चढवला आणि तोही झिजला, तर ९५० मीटरलाच किलोमीटर भरतो. म्हणजे ५ टक्के. १० किलोमीटरच्या प्रवासात प्रवाशाचे १० रुपयांच्या वर जातात, आणि सील तोडावे लागत नाही, बटण लपवावे लागत नाही. उलटेही घडते. झिजलेल्या टायरवर मीटर जुळवून घेऊन मग नवे टायर घातले तर चालक रोज तोट्यात चालतो आणि त्याला कारण उमगत नाही.

पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या गाडी तपासणीच्या, दिवशी दुसऱ्या गाडीचे टायर चढवून आणणे आणि नंतर उतरवणे ही युक्ती आरटीओच्या आवारात कोणाला नवीन नाही. म्हणून मीटरच्या प्रमाणपत्रावर मागच्या-पुढच्या टायरचे माप, चाचणीवेळची नक्षीची खोली आणि हवेचा दाब लिहावा. मग रस्त्यावरच्या तपासणीत इन्स्पेक्टरला मीटर उघडायची गरज नाही; टायरवरचे माप आणि प्रमाणपत्र पाहिले की पाच मिनिटांत संशयित गाडी वेगळी काढता येते. तिला मग खुणा केलेल्या अंतरावर पळवून पाहावे. हे अंतर ३ किलोमीटर तरी असावे, कारण पहिल्या १.५ किलोमीटरपर्यंत भाडे ३१ रुपयांवरच थांबलेले असते आणि भाड्याच्या आकड्यात चूक दिसतच नाही.

दरवाढीचा घोळही मीटरचाच आहे. जून २०१५ नंतर थेट १ मार्च २०२१, मग १ ऑक्टोबर २०२२, मग १ फेब्रुवारी २०२५. किमान भाडे २२ चे २५, २८ आणि आता ३१ रुपये, त्यापुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. प्रत्येक वेळी सगळ्या गाड्यांचे मीटर काढायचे, नवा दर भरायचा, टेबलवर आणि रस्त्यावर चाचणी घ्यायची. याला गेल्या वेळी ३ महिन्यांची मुदत द्यावी लागली. तोवर जुना मीटर आणि हातातले दरपत्रक. कोणाचे कार्ड खरे, कोणाचे झेरॉक्स, यावरून रोजची तोंडातोंडी. चालकाचे म्हणाल तर, मीटर जुळवण्यात त्याचा किमान एक दिवसाचा धंदा बुडतो.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये घड्याळ असते. नवा दर आधीच भरून ठेवता येतो आणि ठरल्या तारखेच्या मध्यरात्री तो आपोआप लागू होऊ शकतो. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. दर वर्षी एकाच ठरलेल्या तारखेला भाड्याचा निर्णय, वाढ असो, घट असो किंवा काहीच नसो. आणि निर्णय ते अंमलबजावणी यांत ९० दिवस, ज्यात पासिंगला येणाऱ्या गाड्यांचे काम तिथेच होऊन जाईल आणि बाकीच्यांना आरटीओनिहाय तारखा देता येतील: ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली. भाडे वाढल्यावर मीटर जुळवायचे, हा उलटा क्रम आता पुरे. टॅक्सी-रिक्षाचे भाडे ठरवण्यासाठी नेमलेल्या खटुआ समितीचे सूत्र सरकारने स्वीकारलेले आहेच. पावणेसहा वर्षे दर गोठवून मग एकदम वाढवायचे, तर सूत्र कशासाठी?

जवळचे भाडे चालक का टाळतो, हेही सरळ बोलू. स्टेशनबाहेर अर्धा-पाऊण तास रांगेत काढून ३१ रुपयांचे भाडे मिळाले आणि परत येऊन पुन्हा रांगेच्या शेपटीला लागायचे, तर त्याचा हिशोब जुळत नाही. दंड वाढवून तो जुळणार नाही. मोठ्या स्टँडवर टोकन ठेवा. २ किलोमीटरच्या आतले भाडे घेऊन ३० मिनिटांत परतलेल्या गाडीला रांगेत पुढची जागा. मीटरची पावती किंवा नोंद हा पुरावा. स्टँडची जागा महापालिकेची, रांगेची शिस्त वाहतूक पोलिसांची आणि परमिट आरटीओचे, अशी त्रांगडी असल्याने हे आजवर कोणीच अंगावर घेतलेले नाही. तीन स्टँडवर सहा महिने करून पाहायला मात्र एक संयुक्त आदेश पुरेसा आहे.

सोयीबद्दल थोडक्यात. सीएनजीच्या सिलिंडरने डिकी भरलेली असते, त्यामुळे व्हीलचेअर आणि मोठी बॅग यांना छतावरच्या कॅरिअरशिवाय जागा नाही. कॅरिअर, बांधायचा पट्टा आणि मागच्या सीटचे चालू सीटबेल्ट या अटी परमिटवर असाव्यात. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या गाड्यांत आपत्कालीन बटण सक्तीचे आहे. पासिंगच्या वेळी ते केवळ बसवले आहे का हे न पाहता दाबून पाहावे आणि नियंत्रण कक्षातून प्रतिसाद आल्याची वेळ लिहावी.

अ‍ॅपवरच्या टॅक्सींना यातून वगळू नका. ‘ड्रॉप कुठे? कॅश की ऑनलाइन?’ असे विचारून फेरी रद्द करणे म्हणजेही भाडे नाकारणेच. केंद्राच्या अ‍ॅप टॅक्सींसाठीच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालकाने विनाकारण फेरी रद्द केल्यास दंड भाड्याच्या १० टक्के, कमाल १०० रुपये आहे. तेच काळ्या-पिवळीने केले तर ५०० पर्यंत. प्रवासी एकच, रस्ता एकच. अ‍ॅप कंपन्यांच्या कलम ९३ खालच्या परवान्यात रद्द केलेल्या फेऱ्यांची चालकनिहाय नोंद दर महिन्याला प्राधिकरणाकडे देण्याची अट घालावी, आणि ती त्याच बॅज क्रमांकाला जोडावी. काळी-पिवळी सोडून अ‍ॅपवर गेलेल्या चालकाची पाटीही मग कोरी राहणार नाही.

मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाच्या पुढच्या बैठकीत कलम ७४(२) खालील सुधारित अटींचा विषय घ्यावा आणि परमिटधारकांना एक महिन्याची नोटीस काढावी. हरकती मागवताना मसुदा मराठी आणि हिंदीत स्टँडवर व सीएनजी पंपांवर लावावा, कारण राजपत्र तिथे कोणी वाचत नाही.

कळावे,

टॅक्सीचे परमिट, मीटर आणि स्टँड यांच्याशी रोज संबंध येणारे काही नागरिक

प्रत: परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
महापालिका आयुक्त, बृहन्मुंबई
सह पोलीस आयुक्त (वाहतूक), मुंबई