मासा माझ्या पाठीमागे होता

कार्ल्सबाड, कॅलिफोर्निया
१२ जुलै

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कामाचं आधी सांगून टाकते. मशीन बसवून झालंय, चाचण्या तेवढ्या राहिल्यात. जेवणाचे हाल नाहीत, आईचं मेतकूट अजून पुरतंय.

तिकडे ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, होड्या शाकारून ठेवलेल्या, आणि तुम्ही ओटीवर बसून पाऊस मोजत असणार. मी मात्र इथे पहाटे गरवायला जातेय. जळू नका.

ऑफिसात निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ आहेत. ते उजाडताना किनाऱ्यावर आणि आठला कामावर. रॉड त्यांनीच दिला. किनाऱ्यावरून गरवायचं तर इथे सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला लायसन लागतं. सार्वजनिक धक्क्यावर उभं राहून गरवलं तर नाही लागत! मी दोन दिवसांचं काढलं.

पद्धत ऐका. आपण तंगसाच्या दोरीला शिसं बांधतो आणि ते शिसं गरीला ओढत नेतं. इथे गरीला वजनच नाही. तिच्यावर केस, दोरा, मणी गुंडाळून केलेला नकली किडा, फुंकर मारली तर उडेल असा. वजन सगळं दोरीत. ती जाड दोरी आधी डोक्यावरून मागे टाकायची, हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. ते थांबणंच मला जमत नाही. पहिल्याच दिवशी गरी माझ्या टोपीत अडकली. ओढून घेतलेली दोरी लाटेत पायांना गुरफटते म्हणून कमरेला टोपली बांधतात. आईची भाजीची पाटी पोटाला बांधून मी समुद्रात उभी आहे, असं डोळ्यांपुढे आणा.

मासा कोर्बिना. आपल्या घोळीच्या, ढोम्याच्या कुळातला, लांबट, करड्या पाठीचा. त्याचा जीव सँड क्रॅबवर. हे खेकड्यांचे भाऊबंद, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे. लाट परतताना ते वाळूतून मिशा बाहेर काढतात, आणि ओसरतं पाणी मिशांपाशी फाटून ओल्या वाळूवर बाणांसारख्या खुणा उमटतात. तिथली मूठभर वाळू उपसली की तळहातावर पाच-सहा जण वळवळतात आणि उलट्या पावली पुन्हा वाळूत घुसायला बघतात. मादीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गोळा असतो. म्हणून नकली किड्याच्या पोटाशीही नारिंगी ठिपका! गृहस्थांनी तो दाखवला तेव्हा मला हे खूळ पहिल्यांदा पटलं.

आता फजिती. मी कमरेएवढ्या गार पाण्यात शिरून तासभर लांब लांब फेकत होते. मागून शिट्टी आली. वळून बघते तर गृहस्थ माझ्या आणि किनाऱ्याच्या मधे बोट दाखवतायत. घोट्याएवढ्या पाण्यात, पाठ उघडी पडलेला कोर्बिना निवांत सँड क्रॅब टिपत होता. लाटेबरोबर वर यायचं, खायचं आणि पाणी फिरलं की सुळकन परत. मी त्याच्या ताटावरून चालत गेले होते. देवबागला तुम्ही दरवेळी ओरडायचात, "आदी बस, पाणी बघ, मगे गरी काड." सगळं पाण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी कोरड्या वाळूवर बसून राहिले. तीन कोर्बिना दिसले. एक माझ्या नकली किड्यामागे वीतभर आला, थांबला आणि मान फिरवल्यासारखा निघून गेला. मिळाला तो सर्फपर्च, तळव्याएवढा, अंगावर पितळी उभे पट्टे. पोट टम्म होतं. हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आपल्या मुशीसारखा. सोडून दिला. "सोडलंस?" म्हणून तुम्ही कपाळाला हात लावणार, ठाऊक आहे. पण हॉटेलात ना तवा, ना तिरफळं.

शनिवारी भरती पहाटेची आहे. नवं लायसन काढलंय.

तुमची,
मनू

ता. क. इथल्या वाळूत पाकटं लपलेली असतात, म्हणून पाय न उचलता घासत चालावं लागतं, म्हणजे ती आधीच सरकतात. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसतात. एवढं आईला वाचून दाखवू नका.