बगस्वर्थची गळतीही सांगा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला बगस्वर्थ बेसिनवरचा लेख वाचला. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगरातल्या या कालवा-बंदरावर मराठीत कुणीतरी लिहिलं, याचा मनापासून आनंद झाला. पण ‘१९९९ मध्ये बंदर पुन्हा खुले झाले’ या वाक्यावर लेख संपला, तिथे मला राहवलं नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मी कालव्यांची गळती शोधण्यातच घालवली आहेत, म्हणून हे पत्र.

मुलीकडे गेलो असताना मी हे बंदर तीनदा पाहिलं. समुद्र नसताना इथे बंदर का, याचं उत्तर चढात आहे. डव्ह होल्सच्या चुनखडीच्या खाणी उंचावर, आणि कालव्याला तितकं वर चढवायचं तर लॉकमागून लॉक (पाण्याची पातळी बदलून होडी वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या कोठ्या) बांधत जावं लागलं असतं. म्हणून अभियंता बेंजामिन औट्रम यांनी पीक फॉरेस्ट कालवा बगस्वर्थला थांबवला आणि तिथून खाणींपर्यंत सुमारे सहा मैलांचा लोखंडी मार्ग टाकला. भरलेले डबे उतारावर आपल्याच वजनाने खाली येत, रिकामे डबे घोडे वर ओढून नेत. वाटेतल्या चॅपल-एन-ले-फ्रिथच्या तीव्र उतारावर तर खाली येणारे भरलेले डबेच रिकाम्यांना वर खेचत. इंधन शून्य! रूळ इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे. डबा घसरू नये म्हणून लागणारी कड चाकाला नव्हती, रुळालाच होती. ते रूळ ज्या दगडी ठोकळ्यांवर खिळ्यांनी बसवलेले, ते ठोकळे आजही जागेवर आहेत. एकाच्या भोकात बोट घालून मी बराच वेळ बसून राहिलो.

१७९६ च्या सुमारास सुरू झालेल्या या बंदरात चुनखडी उतरायची, काही तिथल्याच भट्ट्यांत भाजली जायची, बाकी होड्यांत भरून खाली जायची. याच कालव्यावर खाली मार्पल इथले सोळा लॉक १८०४ मध्ये पुरे होईपर्यंत तिथला टप्पाही तात्पुरत्या लोहमार्गानेच पार व्हायचा. १९२० च्या दशकात सगळं थांबलं; बंदर गाळाने आणि झुडपांनी भरून गेलं.

१९६८ पासून ‘इनलँड वॉटरवेज प्रोटेक्शन सोसायटी’च्या स्वयंसेवकांनी ते उपसायला घेतलं. १९९९ च्या ईस्टरला होड्या आत आल्या, आणि मग पाणी टिकेना. गळतीमुळे बंदर पुन्हा बंद करावं लागलं, ते २००५ मध्येच खुलं झालं. तीस वर्षं खपून पाणी आणलेल्या माणसांना ते पुन्हा जाताना पाहून काय वाटलं असेल, हे कालव्यावर काम केलेल्या कुणालाही कळेल. चिरे जागेवर बसवणं दिसतं. तळ आणि कडा पाणी धरतात की नाही, ते पाणी सोडल्यावरच कळतं. त्यामुळे पुन्हा सहा वर्षं थांबून गळती काढणं हे मला या जीर्णोद्धारातलं सर्वात मोठं काम वाटतं. लेखात त्यालाच जागा नव्हती.

लेखासोबत छापलेलं छायाचित्र निळ्याशार पाण्याचं आणि रंगीत होड्यांचं होतं. पुढे कधी या विषयावर छापलंत, तर रिकाम्या, चिखलाने भरलेल्या बंदराचंही एक छापा, आणि शेजारी त्या भोकांच्या ठोकळ्यांचं.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता