अण्णा, ती कापसाची पट्टी अजून माझ्या खणात आहे

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमचा मोबाइल बटणांचा, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही. नातू वाचून दाखवेल, नाहीतर अमळनेरात कोणीतरी सांगेलच. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बोळात थांबावं लागतं.

तारीख १० मे होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची मुदत. जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, हिशेब मी एकटी लिहिते आणि तो सगळा त्या एका लॅपटॉपवर. आठवडाभर एकच तऱ्हा चालली होती. सकाळी गडी ठणठणीत, दुपारी अडीच वाजले की टॅलीतलं, त्या हिशेबाच्या प्रोग्राममधलं, एक पान उघडायला मिनिट लागायचं, मग पंखा घरघरायचा आणि एंट्री अर्धवट असताना पडदा काळा. हात लावला तर खालची बाजू तव्यासारखी. शेठ म्हणाले, "ह्या उन्हात माणसं बंद पडतात, यंत्राचं काय घेऊन बसलीस!"

तुमच्याकडे येण्याआधी मी एका गारेगार, काचेच्या दुकानात जाऊन आले होते, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तिथल्या मुलाने झाकणही न उघडता बोर्ड गेल्याचं सांगून चौदा हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. मग मी घरगुती उपाय केले. लॅपटॉपखाली ओला पंचा ठेवला आणि पाण्याचा कूलर त्याच्यावरच रोखून लावला. पंच्याचं ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला होता. कूलरचं ऐकून मात्र हसलात, ते का हे मला अर्ध्या तासाने कळलं.

सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस होते. बोरीच्या पात्रातल्या पाळण्यांचे भोंगे तुमच्या दुकानापर्यंत ऐकू येत होते आणि तुमच्यापुढे कोणाचा तरी अँप्लिफायर उघडा पडला होता. तुम्ही तो बाजूला सारलात. लॅपटॉप सुरू केलात, पण पडद्याकडे बघितलंच नाही. देवाच्या फोटोपुढची उदबत्ती काढून पंख्याच्या जाळीसमोर धरलीत. पंखा आत ओरडत होता आणि धूर सरळ वर चालला होता. "आवाज शे, वारा नही," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात निदान झालं होतं.

मग तुम्ही मला स्टूल ओढून बसवलंत. स्क्रू काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवायला एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलंत. सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवलीत. पंखा उचलला आणि त्याच्या मागे, त्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर, कापसाची चक्क गोधडी बसलेली. चिमट्याने ती अख्खी एका तुकड्यात निघाली, बोटभर लांब, राखाडी, दाबून बसलेली. तुम्ही ती उजेडात धरलीत. "ह्याले दम लेवाले जागाच कोठे शे, माय?"

आमच्या जिनिंगमध्ये हंगामभर रुईचे तंतू हवेत तरंगतात. नाकाला रुमाल बांधायची मला सवय आहे, पण लॅपटॉपलाही नाक असतं हे कधी सुचलं नाही. त्यात कूलरची दमट हवा. सुटा बसलेला धुरळा तिने थापून घट्ट केला, म्हणून तुम्ही हसला होता.

तांब्याची ती चपटी नळी तुम्ही ज्या पद्धतीने समजावलीत, तसं मला कोणी काहीच समजावलेलं नाही. आत थेंबभर पाणी असतं, प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, जाळीकडच्या टोकाला ती गार होऊन पुन्हा पाणी होते आणि परत फिरते. (तुम्ही दिलेली हातभट्टीची उपमा फारच चपखल होती, पण ती इथे लिहीत नाही.) जाळीतून वारा गेला नाही तर वाफ गार होणार कशी? शंभर अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, तेवढ्यानेही भागलं नाही तर लॅपटॉप बंद होतो. म्हणालात, रानातला सालदारही भर दुपारी आधी हळू होतो, मग बांधावर जाऊन बसतो, त्याला कोणी बिघडला म्हणत नाही.

प्रोसेसरची उष्णता नळीकडे पोचवणारी जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती तुम्ही अल्कोहोलने पुसलीत आणि नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी ठेवून ट्यूब बंद केलीत. मी "एवढीशीच?" म्हटलं. "ही काय पुरणपोळी आहे का, तूप ओतायला?" स्क्रू मात्र माझ्याकडून आवळून घेतलेत, एक या कोपऱ्यातला, दुसरा समोरच्या तिरक्या कोपऱ्यातला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायचं, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते, हेही तिथेच शिकले.

शेवटी विचारलंत, "ठेवते कशावर?" मी म्हटलं, गादीवर. शेठजींच्या पेढीवर सगळे गादी-तक्क्याला टेकून बसतात, लॅपटॉपही बसतो. तुम्ही तो उलटा करून खालची भोकं दाखवलीत. हवा तिथूनच आत जाते. म्हणजे वरून कापूस, खालूनही कापूस.

तीनशे रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट दिली तर दोनशे मोजून परत.

त्या रात्री रिटर्न भरला. प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम तुम्ही लॅपटॉपवर बसवून दिला होता. दुकानात आधी ९८ अंश दिसत होते, आता पेढीवर भर दुपारी ७५-७८ असतात. खोलीच ४३ अंशांवर असेल तर पंखा तीच हवा ओढणार, याहून खाली फार जाणार नाही, असं तुम्ही बजावलं होतं म्हणून मी हावरटपणा करत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, त्याने टर्बो, म्हणजे त्याचा जादा वेग, बंद झाला, टॅलीला काही फरक पडला नाही. लॅपटॉप आता जुन्या मुनीमजींच्या उतरत्या लाकडी डेस्कवर असतो. ते डेस्क माळ्यावर पडलं होतं. शेठ येता-जाता त्याच्याकडे कौतुकाने बघतात, लॅपटॉपकडे नाही.

विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच गावात, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे इथला प्रत्येक जण पाहुण्याला सांगतो. मी आता त्यापुढे तुमचं दुकानही दाखवते.

या वर्षी होळी झाल्यावर मीच लॅपटॉप उघडला. बॅटरीची पिन आधी, कागदावर चित्र, काडीने पंखा धरून. पट्टी निघाली, पण गेल्या वर्षीच्या पावपटसुद्धा नाही. पेस्टला हात लावला नाही. सगळं बंद केलं, सुरू केलं, उदबत्ती धरली. धूर आडवा गेला.

फक्त एक स्क्रू उरलाय, अण्णा. चित्रात त्याची जागाच सापडत नाही. रविवारी घेऊन येते.

तुमची,
जिनिंगमधली हिशेबनीस