हवामानाच्या नोंदींसाठी झटलेल्यांचे आभार

सांगलीतून स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर आता पाऊस, तापमान आणि आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आपोआप अद्ययावत होते. नाव न सांगण्याच्या अटीवर हे काम उभे करणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० वाजता संपणाऱ्या २४ तासांचा मोजतात, तर बाहेरून येणारी माहिती आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते. ही सांगड ज्यांनी चिकाटीने घातली, त्यांच्यामुळेच कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस योग्य तारखेखाली नोंदला जातो. नोंद आलीच नाही, तर तिथे शून्य न दाखवता ‘नोंद उपलब्ध नाही’ असेच लिहावे, हा आग्रह दुसऱ्या एका सहकाऱ्याचा. २०१९ चा महापूर सोसलेल्या शहरात खोट्या शून्याने काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको, आणि म्हणूनच मला हा आग्रह साऱ्या कामात मोलाचा वाटतो.

पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोहोचताच आकड्याचा रंग बदलावा, ही सूचना नदीकाठच्या एका वाचक ताईंची होती. त्यांचेही आम्ही ऋणी आहोत.