आई, फोन ठेवलास म्हणून लिहितेय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर माझं अर्धं बोलणं राहतं आणि आईचं रडू सुरू होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, नाहीतर बाबा मोबाइल नाकाला लावून वाचतील आणि मग दिवसभर डोळा लाल. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, पण मधेच थांबून "बघितलंस?" म्हणायचं नाही, शेवटपर्यंत वाचायचं.

तर राजीनामा दिलाय. आता "विचार कर" म्हणू नका, तीन वर्षं तेवढंच केलंय. एक वर्ष इथे ऋषिकेशला शिवानंद आश्रमात सेवा करायची परवानगी मिळालीय. एकच वर्ष. संन्यास वगैरे काही नाही, भगवे कपडे नाहीत, केस आहेत तेवढेच आहेत. आत्याने कुठून काय ऐकलं देव जाणे, तिलाही हे सांगून टाका, नाहीतर ती अख्ख्या सांगलीला सांगेल.

आई, तू जे म्हणालीस ना, "परक्यांचे आईबाप बघायला निघालीस, घरातले दिसत नाहीत का," आणि मग फोन ठेवलास, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तू रागात बोललीस हे कळतं मला. पण ते खोटं आहे असं म्हणून सोडून देता येत नाही, म्हणून नीट सांगते. चुकलं तर पुढच्या फोनवर रागव, फक्त फोन ठेवू नकोस.

दादा म्हणाला, सेवाच करायची तर वरोऱ्याला आनंदवन आहे की, आपल्या महाराष्ट्रात, तिकडे जा. बरोबर आहे त्याचं. बाबा आमटेंनी १९४९ पासून उभं केलेलं काम, तिथे गेले असते तर माझी मान ताठच राहिली असती. पण मला नुसती समाजसेवा करायची नाहीये, ती तर मी सतरा वर्षं पगार घेऊन केलीच की. एका नर्सच्या अंगावर बावीस पेशंट, नाइटला कधी कधी तीस, सलाईन लाव, फाइल भर, पुढचा बेड. कुणाच्या तोंडाकडे बघायला वेळ नाही. त्या मार्चनंतर तर मी रोबोटच झाले होते, तुम्ही दोघांनी बघितलंय, त्यावर आता परत बोलायला नको.

इथे सेवा हा योगाचाच भाग धरतात. पहाटे पाचला समाधी मंदिरात प्रार्थना आणि ध्यान, आणि मग दिवसभर जे काम वाट्याला येईल ते, पण बसलो होतो त्याच मनाने. आसनं आणि प्राणायाम आहेतच, पण इथले जुने लोक सांगतात की ध्यानात किती शांत झालात ते डोळे मिटून कळत नाही, कुणीतरी अंगावर ओरडल्यावर कळतं. हा आश्रम काढणाऱ्या स्वामी शिवानंदांनी उपदेशाचा जो क्रम सांगितला त्यातही सेवा पहिली आहे, मग प्रेम, मग दान, मग शुद्धी, आणि ध्यान त्यानंतर. मी इतकी वर्षं उलटं समजत होते, की आधी मन शांत होईल आणि मग मी चांगली वागेन.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगायचीय. शिवानंद स्वामी स्वतः डॉक्टर होते, मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, दहा वर्षं प्रॅक्टिस केली, सगळं सोडून १९२४ साली ऋषिकेशला आले. आल्यावरही औषधं देणं सोडलं नाही. १९२७ साली त्यांची विम्याची पॉलिसी मॅच्युअर झाली आणि त्या पैशातून त्यांनी लक्ष्मणझुल्याला मोफत दवाखाना काढला! हे वाचलं तेव्हा मला पहिले तुम्ही आठवलात. आयुष्यभर स्कूटरवरून गावोगाव फिरून लोकांच्या पॉलिसी काढल्यात, क्लेमचा चेक स्वतः नेऊन द्यायचात, आणि घरी आल्यावर त्या बाईचं काय झालं ते आईला सांगताना तुमचा आवाज बसायचा. मला बाहेरच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. तेव्हा हे वेड माझ्यात कुठून आलं हे तुम्ही तरी विचारू नका.

त्या दवाखान्यात बद्रीनाथला निघालेले यात्रेकरू यायचे. एकदा एकाला औषध देऊन झालं, तो पुढे निघून गेला, आणि नंतर स्वामीजींच्या मनात आलं की याला दुसरं औषध जास्त लागू पडलं असतं. तर ते घेऊन त्याच्या मागे कित्येक मैल धावत गेले, गाठला आणि दिलं. पुढे नदीच्या या काठाला, मुनी की रेतीला, एका पडक्या गोठ्यासारख्या कुटीत राहायला लागले आणि त्यातून हा एवढा आश्रम झाला. आश्रम चालवणारी त्यांची संस्था, दिव्य जीवन संघ, १९३६ ची. भजन हॉलमध्ये १९४३ च्या ३ डिसेंबरपासून महामंत्राचं अखंड कीर्तन चालू आहे, रात्रंदिवस, कुणी ना कुणी बसलेलं असतंच. मी अर्धा तास बसून येते. आई, तिथे तुझी फार आठवण येते, तू भांडी लावताना गुणगुणतेस त्याच्यासारखंच वाटतं, कुणी ऐकतंय का याची पर्वाच नाही.

पहिल्यांदा आले होते ना दोन वर्षांपूर्वी, पंधरा दिवस, तेव्हाचं तुम्हाला पूर्ण सांगितलंच नाही मी. मला वाटलं पंधरा वर्षांचा अनुभव सांगितला की लगेच पेशंटकडे पाठवतील. पाठवलं स्वयंपाकघरात, भाजी चिरायला. गुरुपौर्णिमेपासून आराधनेपर्यंत, म्हणजे शिवानंद स्वामींच्या पुण्यतिथीपर्यंत, साधना सप्ताह असतो, तुफान गर्दी, बटाट्याचा डोंगर समोर, आणि बाजूला बसलेल्या एक सत्तरीच्या माताजी मला शिकवतायत की फोडी सारख्या कर, बारीक-मोठ्या झाल्या तर शिजत नाहीत. मी आतून इतकी चिडले! रात्री बॅगसुद्धा भरली होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका स्वामीजींना बोलून दाखवलं तर ते हसून म्हणाले, गुरुदेवांचं एवढंच आहे, अ‍ॅडॅप्ट, अ‍ॅडजस्ट, अकॉमोडेट. शिवानंद स्वामींचं हे इंग्लिश वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याच्या पुढचं, अपमान सोसा, दुखावलं तरी सोसा, तीच सगळ्यात मोठी साधना, ते ऐकायला सोपं आहे, करताना घाम फुटतो. काम आपण निवडायचं नाही ही पहिली पायरी, आणि माझी तिथेच अडली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी बटाटे चिरताना लक्षात आलं की तासाभरात डोक्यात कुणाशी भांडण झालेलंच नाही. माझ्यासाठी ती किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हालाच कळेल.

या वेळी मात्र शिवानंद होममध्ये जाते. ज्यांना घर नाही, कुणी नाही, रस्त्यावर आजारी पडलेले असे लोक तिथे ठेवून घेतात. तिथे एक आजोबा आहेत. नाव सांगता येत नाही त्यांना, बहुतेक आठवतच नसावं. पायाची नखं इतकी जाड आणि वाकडी वाढलेली की चप्पल घालता येईना. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, पाय बुडवले. पहिल्या दिवशी त्यांनी पाय आखडूनच घेतला, अंगठाच कापला, बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी दोन. नख मऊ झाल्यावर आधी फाइलने घासायचं आणि मग कडेकडेने थोडं थोडं कापायचं, एकदम कापलं तर तडकतं आणि मांसात जातं. तिसऱ्या दिवशी सगळी झाली. मी पाय पुसले, तेल लावलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

आणि आई, मला वाईट वाटलं. म्हणजे मी वाट बघत होते. काहीतरी म्हणतील, निदान हसतील. तीन दिवस त्या पायांशी बसले ती त्या हसण्यासाठी बसले होते का? निष्काम निष्काम म्हणतात ते इतकं अवघड आहे, ते मला त्या भिंतीकडच्या तोंडाने कळलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, पाणी दिलं, चादर बदलली. त्या दिवशी नाही बघितली वाट. त्यानंतर कधी कधी बघते. अजून जमत नाही.

तेव्हाच आजी आठवली. शेवटची दोन वर्षं मी तिचं सगळं केलं असं आपण सगळे म्हणतो. केलंच. पण मनात हिशोब ठेवून केलं ग. काकू कितीदा आली, दादा किती दिवस राहिला, मी किती रात्री जागले. ती मला आत्याच्या नावाने हाक मारायची तेव्हा मला राग यायचा. वेणी घालताना ओढून घातलीय मी तिची, एकदा नाही, बऱ्याचदा. ती काही बोलायची नाही.

आणि बाबा, गेल्या वर्षी तुमच्या पायाची जखम चिघळली होती तेव्हा ड्रेसिंग करताना मी तुमच्यावर खेकसले होते, "हलू नका सांगितलं ना एकदा." तुम्ही गप्प बसलात, आणि मग मला ऐकू जाणार नाही असं आईला म्हणालात, दमलीय ती. दमलेली होतेच. पण अनोळखी पेशंटला मी असं बोलले असते का? त्या आजोबांची नखं कापताना सारखं तुम्ही रविवारी ओसरीवर पेपर पसरून माझी नखं कापायचात ते डोळ्यासमोर येत होतं, एकेक बोट धरून करंगळी-मरंगळी करत, आणि मी हात ओढून पळायचे तरी तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. नखं पेपरात गुंडाळून स्वतः टाकून यायचात, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. मला तसं करता यायला हवंय. तुमच्यासाठीच हवंय, आणि ते घरी राहून जमलं नाही मला, पाच वर्षं प्रयत्न करून जमलं नाही. आई, तुझ्या वाक्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

माझी काळजी करू नका. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून गंगा दिसते, सध्या पावसाने गढूळ आहे. जेवण साधं, पोळी, डाळ, भात, भाजी, आणि मला पित्ताचा त्रास महिनाभर झाला नाहीये हे मुद्दाम सांगते. भाकरीची आठवण येते, ते खरंय. आश्रमाचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, आणि ऋषिकेशला एम्स आहे. थंडीसाठी तुझा तो जांभळा स्वेटर आणलाय, शाल आहे, हीटर लागला तर घेईन. पैशाचं म्हणाल तर वर्षाचं बाजूला काढून ठेवलंय, तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता भरून झालाय, पावती दादाकडे. डेहराडूनचा विमानतळ इथून तासाभरावर आहे, सकाळी फोन आला तर रात्री मी घरात. आत्ता मात्र इकडे यायचा विचारही करू नका, कावड यात्रा चालू आहे, रस्ते तुंबलेत.

आता नीट ऐका. आई, थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या तासाने. "एक घोट" नाही. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नाही, चार तासांचं अंतर हवं, म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर ठेवलीय. बाबा, बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही, गोळीमुळेच नॉर्मल येतं ते. रोज रात्री पायाचे तळवे आणि बोटांच्या मधल्या जागा बघायच्या, शुगर असताना जखम झालेली कळत नाही, दिसत नसेल तर आईला दाखवा, त्यात लाजायचं काय? अनवाणी अंगणात जायचं नाही. पायाची नखं स्वतः कापायची नाहीत. वहिनी महिन्यातून एकदा येणार आहे तेव्हा ती कापेल, तिला मी शिकवलंय, आणि नोव्हेंबरात मी येतेच आहे पंधरा दिवस, तेव्हा मी.

हयातीच्या दाखल्याचंही तेव्हाच करू, मोबाइलवर चेहरा दाखवून होतं आता, बँकेत रांग लावायला जाऊ नका. पोलीस बोलतोय, केस झालीय, व्हिडिओ कॉलवर थांबा असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा आणि लगेच दादाला सांगायचं. बाथरूममध्ये बार बसवायला माणूस शनिवारी येतोय, त्याला परत पाठवू नका बाबा, "आम्हाला लागत नाही" म्हणून. मला लागतो, माझी झोप नीट व्हावी म्हणून.

दर रविवारी संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल करेन. मधल्या दिवसात मेसेज टाका, मी दुपारी बघते. आई, तुला राग असेल तर बाबांच्या मागे बसून राहा, बोलू नकोस, पण दिसशील अशी बस.

तुमची,
मनू

ता.क. बाबांच्या गोळ्यांच्या डबीचं मंगळवारचं झाकण तुटलंय, तिथली गोळी सांडते. नवी डबी कुरिअर केलीय, यात्रेमुळे उशीर होईल. तोवर रबर लावा.