गिरगाव स्टेशनला एकदा उतर

ठाणे,
रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर तू सहज म्हणालास, "आई, रोज मेट्रोने तुझ्या माहेराच्या खालून जातो मी. दार उघडतं, मिटतं, की पुढे काळबादेवी." तू बोलून विसरलास, माझ्या मात्र ते मनातून जाईना. मरोळ ते विधान भवन, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दिवसातून दोनदा तू माझ्या माहेरच्या, गिरगावातल्या मुगभाटाच्या जवळून जमिनीखालून जातोस आणि वर काय आहे ते बघायला एकदाही उतरला नाहीस. रागावून लिहीत नाही. ऑफिसच्या घाईत कोण उतरणार? म्हटलं, आधी आपण जाऊन यावं, मग मुलाला सांगावं. गुरुवारी गेले. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

ठाण्याहून दादरपर्यंत लोकल आणि दादरला मेट्रो. तिथून गिरगाव आठवं स्टेशन. डब्यात इतकं गार आणि शांत होतं की शेजारच्या बाई मोबाइलवर बोलत होत्या त्यांचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "गिरगाव" अशी घोषणा झाली तेव्हा मी दोन स्टेशनं आधीपासूनच दाराशी उभी होते. सरकत्या जिन्यांवरून वर, मग आणखी वर. आणि रस्त्यावर आले तर मला दिशाच कळेना. जिथे जन्मले, जिथून लग्न होऊन गेले, त्या रस्त्यावर मी दोन-तीन मिनिटं नुसती उभी होते.

नंतर कारण लक्षात आलं. आम्ही गिरगावात यायचं म्हणजे चर्नी रोडला उतरायचं. स्टेशनचा पूल उतरून आलं की पाठीला समुद्र. पाठीला समुद्र असला की घर समोर, हे पायांना पाठ होतं, डोक्याला विचारावंच लागत नसे. मेट्रोतून माणूस थेट गावाच्या पोटातून वर येतो. समुद्र कुठल्या अंगाला ते सांगणारा वाराही तिथे येत नाही. शेवटी पाटी दिसली, जगन्नाथ शंकरशेट मार्ग, आणि मग सगळं जागच्या जागी बसलं.

या नाना शंकरशेटांचं नाव तुझ्या मेट्रोच्या एका स्टेशनलाही आहे, मुंबई सेंट्रलला. तू रोज ऐकतोस. जी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिल्यांदा ठाण्याला धावली, त्या रेल्वे कंपनीच्या संचालकांपैकी ते एक होते. मुली शाळेत जाणं लोकांना पटत नव्हतं तेव्हा त्यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. तुझी आजी गिरगावात शिकली, मी शिकले, ते सरळ त्या वाटेवरून. म्हणून ते नाव लाउडस्पीकरवर आलं की निदान एकदा तरी मान वर करून ऐक.

स्टेशनबद्दल एक गोष्ट तुला इंजिनिअर म्हणून आवडेल. वरचा रस्ता इतका अरुंद आणि दोन्ही बाजूंच्या इमारती इतक्या जुन्या, की सगळं वरून खणून स्टेशन बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून फलाटांचा काही भाग आतल्या आत, खडक थोडाथोडा फोडत, प्रत्येक टप्प्यावर आधार देत पोखरून काढला. न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड म्हणतात त्याला. लाकडी जिन्यांच्या, कौलारू छपरांच्या चाळी वर उभ्या आणि खाली हे काम चाललेलं. तरीही रस्त्यालगतच्या काही इमारती गेल्याच. त्या लोकांनी मोर्चे काढले, वर्षानुवर्षं बैठका केल्या, आम्हाला गिरगावातच घर द्या म्हणून अडून बसले. त्यांचं मला पूर्ण पटतं. गिरगावातून बाहेर पडलेलं माणूस पुन्हा आत येत नाही, हे मी आपल्याच घरात पाहिलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी वाड्यांची नावं वाच. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, मुगभाट. तू लहानपणी विचारलं होतंस, "इथे फणस कुठे आहे?" आजीने तुला नेऊन पाटी दाखवली होती. फोर्टात जेव्हा तटबंदी होती तेव्हा हा सगळा भाग तिच्या बाहेरचा, बागायतीचा, मलबार हिलच्या पायथ्याचा. गिरीच्या पायथ्याचं गाव म्हणून गिरगाव, असं आम्हाला शाळेत शिकवायचे. झाडं गेली, नावं राहिली. चर्नी रोडचंही तसंच. गुरं चरायला नेण्याचा तो रस्ता. सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी ठाकूरद्वाराजवळ जमीन घेऊन गुरांसाठी मोकळी सोडली, ही गोष्ट तुझे आजोबा फार अभिमानाने सांगायचे.

मग मी खोताच्या वाडीत गेले. मुख्य रस्त्यावरून चार पावलं आत वळलं की बसचा आवाज बंद. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची ती लाकडी घरं, बाहेरून जिना, पुढे ओटी, रंगीत कठडे. दादोबा वामन खोतांनी या लोकांना राहायला जमीन दिली म्हणून ही खोताची वाडी. पूर्वी अशी पासष्ट घरं होती, आता निम्मीही नाहीत. क्रूसासमोर एक म्हातारे गृहस्थ मेणबत्ती लावत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मराठीत विचारलं, "कोणाकडे?" किती वर्षांनी मला कोणीतरी असं विचारलं! ठाण्याच्या सोसायटीत वॉचमन विचारतो, पण तो वहीत लिहायला विचारतो. मी म्हटलं, "मुगभाटातली आहे, सहज आले." ते म्हणाले, "मग बघा, बघा."

तिथून केशवजी नाईकांच्या चाळीत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये इथे बसला आणि १९०१ मध्ये स्वतः लोकमान्य इथे आले होते. एवढा इतिहास, पण मूर्ती आजही लहानच आणतात. मला त्या चाळीचं हेच आवडतं. गणपती नव्हते, चौकात फक्त वाळत घातलेले कपडे आणि क्रिकेट खेळणारी तीन मुलं होती. चाळीबाहेरच्या रस्त्याला खाडिलकरांचं नाव आहे, ज्यांनी १९२३ मध्ये 'नवाकाळ' काढला ते. मॅजेस्टिक सिनेमावरून गेले, म्हणजे जिथे तो होता तिथून. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट तिथे लागला होता. आता तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. विनयमध्ये मिसळ खाल्ली. तिखट तेवढंच आहे, माझं वय वाढलं.

आता मोठ्या मामाबद्दल. हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

मामा ऑपेरा हाऊसला हिऱ्यांच्या एका पेढीवर हिशेबनीस होता, हे तुला माहीत आहे. त्याचं रोजचं आयुष्य काय होतं ते माहीत नसेल. घरापासून पेढी चालत दहा मिनिटं. दुपारी जेवायला घरी येई, आजी गरम पोळी वाढे, मग गॅलरीत पाच मिनिटं पडून पुन्हा जाई. पंचरत्न इमारतीच्या आसपासच्या रस्त्यावर तेव्हा दलाल खिशात लाखांचे खडे घेऊन उभे असायचे, कागदाच्या पुड्या उघडून उन्हात माल बघायचे. मामाला त्या गर्दीतला, मौल्यवान माल पोहोचवणारा अंगडिया न् अंगडिया ओळखायचा. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात हिऱ्यांचा नवा बाजार सुरू झाला आणि पेढ्या एकेक करून तिकडे जायला लागल्या. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी ऑपेरा हाऊसजवळ बॉम्बस्फोट झाला. मामा त्या दिवशी लवकर निघाला होता म्हणून वाचला. त्यानंतर राहिलेलेही भराभर गेले. त्याची पेढीही गेली.

चर्नी रोडहून वांद्र्यापर्यंत लोकल, वांद्र्याला रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, मग पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून संकुल. जायला सव्वा तास, यायला कधी दीड. पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले. चार वर्षं त्याने हे केलं. मग नोकरी सोडली, आजी गेल्यावर पागडीची खोली सोडली आणि विरारला लेकीजवळ राहायला गेला. तिथे त्याला फ्लॅट होता, लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं. २०१९ मध्ये गेला तोपर्यंत तो पत्ता विचारणाऱ्याला "गिरगाव" असंच सांगायचा, मग थांबून विरार म्हणायचा.

गुरुवारी मी मेट्रोच्या डब्यातला नकाशा बघत होते. गिरगाव आणि बीकेसी, म्हणजे ते वांद्रे-कुर्ला संकुल, एकाच रेषेवर आहेत. अर्ध्या तासाच्या आत माणूस पोहोचतो, बसून, गारव्यात. मामा दुपारी जेवायला घरी आला नसता, पण रात्री वेळेवर आला असता. लोक म्हणतात मेट्रोने गिरगाव मोडलं. ज्यांची घरं गेली त्यांनी म्हणावं, त्यांचा तो हक्क आहे. पण गिरगाव त्याच्या कितीतरी आधीपासून रिकामं होत होतं. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे दोन संसार मावत नव्हते, आणि काम एकेक करून उत्तरेला चाललं होतं. रेल्वे गावाच्या कडेने जायची आणि तिच्यात शिरायला अंगात ताकद लागायची. ही गाडी दहा-पंधरा वर्षं आधी आली असती तर माझा भाऊ आपल्या घरातून गेला असता. मला मेट्रोचा राग नाही, तिला झालेल्या उशिराचं वाईट वाटतं. फलाटावर उभं राहून मला हे इतक्या स्पष्टपणे जाणवलं की मी एक गाडी सोडून दिली.

शेवटी आपल्या चाळीत गेले. ती अजून आहे. डाव्या बाजूला टॉवर झाला आहे, उजव्या बाजूच्या चाळीला बांबूंचे टेकू लावले आहेत, आपली मधे उभी आहे. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, तिथेच बरोबर पाय पडला. दुसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीला कुलूप होतं. दारावर कुरिअर कंपनीच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या. मोरीची खिडकी फळ्या मारून बंद केली आहे. मी कुलपाला हात लावून परत फिरत होते तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. तुला आठवतात का त्या मावशी, ज्या तुला मे महिन्याच्या सुट्टीत गॅलरीत झोपवून उंबऱ्यात बसून राहायच्या, तू कठड्याकडे लोळत जाऊ नयेस म्हणून? आता नव्वदीच्या आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं. मी नुसतं "मावशी" म्हटलं आणि त्यांनी माझं माहेरचं नाव घेऊन आत बोलावलं. मला त्या नावाने हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

त्या जिना उतरत नाहीत. मेट्रोची सगळी हकीकत त्यांनी मला सांगायला लावली. जिने किती, गाडीत बसायला मिळतं का, आत अंधार असतो का, तिकीट केवढं. "माझ्या खोलीच्या खालून जाते का गं?" असंही विचारलं. मी म्हटलं, अगदी खालून नाही, पण जवळून जाते. आणि माझा मुलगा त्यातून रोज जातो, दोनदा. तेव्हा म्हणाल्या, "मग एकदा वर पाठव की त्याला. मला सांगेल नीट."

येत्या शनिवारी तुला सुट्टी आहे ना? साडेदहाला गिरगाव स्टेशनच्या तिकीटखिडकीपाशी भेट. मी दादरहून येते, तू मरोळहून ये. मावशींना पणशीकरांकडचं पीयूष आवडतं, ते घेऊन जाऊ. तुझ्या फोनमध्ये बोगद्याचे किंवा गाडीचे फोटो असतील तर ते मोठे करून दाखवता येतील असे काढून ठेव, त्यांना लहान दिसत नाही. आणि त्या जिन्याला दोर आहे, तो धरून चढ, मधली पायरी हलते.

तुझी,
आई