किल्ला रेडिमेड कशाला?

संपादक महोदय,
मुलगी दुसरीत आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात किल्ला केला म्हणे, बघते तर प्लास्टरचा रेडिमेड, पोरांनी फक्त मावळे चिकटवलेत! अहो पुण्यात किल्ला म्हणजे विटा, गोणपाट, चिखल आणि वर पेरलेले अळीव, चार दिवसांत हिरवंगार (आणि आईची फरशी लाल, ते सोडा). २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत महाराजांचे १२ किल्ले गेले, त्यातला जिंजी तर तमिळनाडूत, मग किल्ला करता करता बाईंनी रोज दहा मिनिटं शिवनेरी-राजगडाची गोष्ट मोठ्याने वाचली तर काय बिघडतं? अप्पा बळवंत चौकात पुस्तकं ढिगाने मिळतात. मी एकदा वर्गात वाचायला गेले, तर शेवटच्या बाकावरचा पोरगा फेव्हिकॉलचे हात घेऊन पुढे आला, म्हणाला काकू चित्र दाखवा ना.
– एक पालक, सदाशिव पेठ